मुंबईत जुन्या गाड्या चालत्या ठेवणारे मिस्त्री : त्यांचं काम नीट लिहून ठेवूया

गिरगावकर (धागाकर्ता)

ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. तेव्हा काळ्या-पिवळ्या गाडीवर भरपूर लिहून आलं. ती गाडी रोज सकाळी सुरू करून देणाऱ्या हातांवर फार थोडं आलं. हा धागा त्या हातांसाठी आहे.

थोडी पार्श्वभूमी. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांच्या जुळणीचा कारखाना काढला आणि १९५४ मध्ये इथली जुळणी थांबवली. पुढे आयातीवर निर्बंध आले. शहरात शेव्हरोले, डॉज, प्लिमथ शेकड्यांनी फिरत होत्या आणि त्यांचे पार्ट मागवायची सोय उरली नव्हती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून साठच्या दशकात फियाट ११०० डिलाइट यायला लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं, पण १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन तेच राहिलं. म्हणजे एकीकडे पार्ट न मिळणाऱ्या गाड्या, दुसरीकडे लाखो किलोमीटर धावलेली एकाच घराण्यातली इंजिनं. मुंबईचा मिस्त्री या दोन्हींवर तयार झाला.

एकच माणूस सगळं करत नसे. इंजिनवाला वेगळा, बॅटरी-वायरिंगवाला वेगळा, डेंटर (पत्रा ठोकणारा), पेंटर, लेथवाला, रेडिएटरवाला, कमानवाला (पाटे-स्प्रिंगवाला), कुशनवाला, सगळे वेगळे. भायखळा, माझगाव, ग्रँट रोड, कुर्ला इथल्या एखाद्या गल्लीत हे सगळे हाकेच्या अंतरावर असायचे, म्हणून गाडी संध्याकाळपर्यंत तयार व्हायची.

'काय कान होता त्यांचा' एवढं लिहून भागणार नाही. कानाने काय ओळखायचे, हाताने काय करायचे, किती थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फिलर, म्हणजे फट मोजायची पट्टी, लावायचे, ते लिहा. माणसांची नावं-नंबर टाकू नका. गाड्या अजून आहेत आणि त्यांना हे ज्ञान उद्याही लागणार आहे.

टॅपेट

उत्तम विषय. इंजिनवाल्यापासून सुरू करतो.

ट्यूनिंगचा क्रम ठरलेला असे: आधी टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट), मग पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, उघडले की ठिणगी पाडणारे संपर्क), मग टायमिंग (ठिणगी पडण्याचा क्षण), शेवटी कार्बोरेटर. हा क्रम मोडला की काम पुन्हा करावं लागतं. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग आपोआप सरकतं. गॅप वाढवला तर पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स होतं, ठिणगी आधी पडते. टायमिंग आधी लावून नंतर पॉइंटला हात लावणाऱ्याला म्हणूनच कुणी मिस्त्री म्हणत नसे.

टॅपेट: ॲम्बॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनाला नऊचा हिशोब लावतात. व्हॉल्व्ह समोरून १ ते ८ मोजायचे. ८ नंबर पूर्ण दाबलेला असेल तेव्हा १ ॲडजस्ट करायचा, ६ दाबलेला असेल तेव्हा ३, ४ दाबलेला असेल तेव्हा ५, ७ असेल तेव्हा २. बेरीज कायम ९. गॅप ०.०१५ इंच, इंजिन गरम असताना. फियाटला बहुतेक जण जोडीच्या सिलिंडरने करायचे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्याने १ आणि ४ जोडी, २ आणि ३ जोडी. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलतात (एक्झॉस्ट मिटतोय, इनलेट उघडतोय) त्या क्षणी पहिल्याचे दोन्ही टॅपेट मोकळे असतात, तेव्हा पहिला लावायचा. फियाटचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं, ॲम्बॅसडरचं बिडाचं, त्यामुळे गरम-थंडचा आकडा एकाचा दुसऱ्याला लावू नये.

आता मुद्दा असा की गॅप बरोबर लावूनही टिकटिक राहते. कारण रॉकरच्या तोंडाला व्हॉल्व्हच्या दांड्याने खळगा पाडलेला असतो. फिलरची सरळ पट्टी खळग्यावर पुलासारखी टेकते, खाली मोकळी जागा राहते आणि खरा गॅप पट्टीपेक्षा मोठा निघतो. जुना मिस्त्री आधी रॉकर शाफ्ट खाली उतरवून ते तोंड ऑईलस्टोनवर सपाट करायचा, गोलाई राखून. मगच फिलर हातात घ्यायचा.

पॉइंटचंही तसंच. वापरलेल्या पॉइंटवर एका बाजूला टेंगूळ, दुसऱ्या बाजूला खड्डा. फिलर टेंगळावर टेकतं. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरला ०.०१४ ते ०.०१६ इंच गॅप सांगितलाय, पण टेंगूळ घासल्याशिवाय तो मोजण्यात अर्थ नाही. पॉलिश पेपरने घासू नका, त्याचे कण पॉइंटवर रुतून बसतात. बारीक सपाट कानस किंवा ऑईलस्टोन वापरा, मग कोरा कागद पॉइंटमध्ये धरून ओढा. कागद स्वच्छ बाहेर आला पाहिजे.

टायमिंग: पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा आणि इंजिन हाताने फिरवायचं. अंगठा ढकलला गेला की कॉम्प्रेशन स्ट्रोक. पुलीवरची खूण पुस्तकात दिलेल्या डिग्रीवर आणायची. मग १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन ऑन. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो, उघडताक्षणी पेटतो. डिस्ट्रिब्युटर सैल करून बल्ब जेमतेम पेटेल तिथे आवळायचा. बल्ब नसेल तर सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलका ताण द्यायचा. जिथे कागद सुटतो तिथे पॉइंट उघडला.

स्टेपनी

मिसिंग मारणारा, म्हणजे नीट न पेटणारा, सिलिंडर शोधायला एकेक प्लगची वायर काढायचे, तेही लिहा. ज्याची वायर काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला.

कॉम्प्रेशनमध्ये गोंधळ असेल तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा गेल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील तर हेड गॅस्केट दोघांच्या मधे फुटलेलं असतं.

टॅपेट

बरोबर. फियाटचं हेड काढताना एक गोष्ट जोडतो. बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, स्टडवर गंज. हेड चिकटून बसतं. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं तर सपाटी कायमची खराब. पद्धत अशी: नट काढायचे, रॉकर आणि पुशरॉड काढायचे, प्लग मात्र तसेच ठेवायचे आणि सेल्फ मारायचा. कॉम्प्रेशननेच हेड उचललं जातं. कार्बोरेटरचं पेट्रोल आणि कॉइलची वायर आधी तोडायची, हे विसरू नका.

परत बसवताना नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत. आणि गरम झालेल्या फियाटमध्ये थंड पाणी कधीही ओतू नये, ॲल्युमिनियम वाकतं. वाकलंय का हे स्टीलची पट्टी हेडवर उभी धरून खालून फिलर घालून बघतात, लांबीत आणि दोन्ही तिरप्या रेषांत.

नागदेवी

पार्टांबद्दल लिहिते. मिस्त्री 'मिळत नाही' हा शब्द फार उशिरा वापरायचे, कारण त्यांना पार्ट गाडीच्या नावाने नव्हे, मापाने मागायची सवय होती.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०४ म्हणजे आत २० मिमी, बाहेर ४७, जाडी १४. ६२०३ म्हणजे १७, ४०, १२. डायनमोचं बेअरिंग गेलं तर गाडीच्या डीलरकडे जायची गरज नाही. नागदेवी स्ट्रीटवर नंबर सांगा, तेच बेअरिंग पिठाच्या गिरणीच्या मोटरीलाही बसतं. नंबर घासला गेला असेल तर व्हर्नियरने तीन मापं घ्या. ऑईल सीलचंही तसंच: शाफ्टचा व्यास, घराचा व्यास, जाडी. सील घेताना शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडलाय का ते नखाने तपासा. चर असेल तर नवं सीलही गळणार. त्यावर इलाज म्हणजे सील २-३ मिमी पुढे-मागे बसवून ओठ चांगल्या जागी आणणं, किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवणं.

आट्यांचा घोळ ही या छंदातली सगळ्यात महागडी चूक. फियाट मेट्रिक. ॲम्बॅसडर आणि अमेरिकन गाड्या इंची, यूएनएफ आणि यूएनसी. युद्धापूर्वीच्या ब्रिटिश गाड्या व्हिटवर्थ आणि बीएसएफ. अर्धा इंची नटाला (१२.७ मिमी) १३ चा पाना लागतो असं वाटतं, पण तो कोपरे गोल करतो. व्हिटवर्थच्या पान्यावरचं माप नटाच्या तोंडाचं नसून बोल्टच्या जाडीचं असतं, हे माहीत नसलं की माणूस सगळा सेट उलटसुलट करून बघत बसतो. नट हाताने दोन-तीन आटे तरी जायला हवा. नाही गेला तर थांबा आणि पिच गेज लावा.

फियाटच्या हेडमधले प्लगचे आटे खराब व्हायचे, ॲल्युमिनियमच ते. १४ मिमी, १.२५ पिच. लेथवाला भोक मोठं करून, टॅप मारून, आत पितळी किंवा स्टीलची आट्यांची बुशिंग बसवायचा. बुशिंगची कड ज्वलनकक्षात डोकावता कामा नये, नाहीतर ती तापून लाल होते आणि स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटवते. नवा प्लग घेताना जुन्याच्या आट्यांची लांबी मोजा, १२.७ मिमी की १९. लांब प्लग आखूड जागी लावला तर पिस्टनला आपटू शकतो.

ऑपेरा हाऊसला नवे पार्ट, कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला भंगारातले, चोर बाजारात बिल्ले, काचा, दिव्यांच्या रिंगा. भंगारातला पार्ट घेताना आपला जुना पार्ट सोबत न्यायचाच. फोटोवर भरवसा नको.

किंगपिन

नागदेवी ताई, मापाचं फार नेमकं लिहिलंत. लेथवाल्याचंच पुढचं काम घेतो, किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन.

स्टेअरिंग थरथरतं, टायर एका बाजूने झिजतो. चाक जॅकवर उचलायचं, वर-खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला की हेल्परला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. एवढी साधी तपासणी न करता बेअरिंगं बदलणारे लोक आजही दिसतात.

जुनी बुश ठोकून काढायची, नवी प्रेसने बसवायची. बुशचं ग्रीसचं भोक आणि निपलचं भोक समोरासमोर यायला हवं. एवढं चुकलं तर पुढे कितीही ग्रीस मारा, पिनपर्यंत पोचत नाही आणि बुश वर्षाच्या आत खलास. मग रीमर. इथेच मिस्त्रीची पारख. वरची आणि खालची बुश वेगवेगळी रीम केली तर दोन्ही एका रेषेत येत नाहीत, पिन अडकते आणि लोक ती ठोकून बसवतात. लांब रीमर हवा, ज्याचं पुढचं टोक दुसऱ्या बुशमध्ये आधार घेतं. एका वेळी केसाएवढा कट. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकेल पण स्वतःच्या वजनाने पडणार नाही, ते बरोबर फिटिंग.

शेवटी उभा खेळ थ्रस्ट वॉशर किंवा शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) काढायचा. ग्रीस मारताना चाक जॅकवर लटकतं हवं. जमिनीवर असताना गाडीचं वजन थ्रस्टच्या तोंडावर असतं, तिथे ग्रीस शिरत नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारायची. टॅक्सीवाले दर हजार-दीड हजार किलोमीटरला हे करत, पावसाळ्यात त्याहूनही लवकर, कारण साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीचं ग्रीस धुऊन निघतं.

शिवडीचा शेव्हरोले

व्हाइट मेटलचं, म्हणजे बेअरिंगसाठी ओतायच्या मऊ मिश्रधातूचं, काम कुणीतरी नोंदवायलाच हवं. मुंबईत ते करणारे हात आता बोटांवर मोजण्याइतके राहिलेत.

आजच्या इंजिनात बेअरिंगची तयार अर्धगोल शेल बदलतात. जुन्या शेव्हरोलेच्या सहा सिलिंडर इंजिनात १९५३ पर्यंत कनेक्टिंग रॉडमध्ये (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) व्हाइट मेटल थेट ओतलेलं असे. ऑईलही दाबाने रॉडपर्यंत जात नसे. रॉडच्या टोकाचा पळीसारखा डिपर पन्हाळीतलं तेल उचलायचा. आधुनिक मिस्त्री फक्त ऑईलचा दाब बघतो आणि पन्हाळीची उंची तपासत नाही. बेअरिंग पुन्हा जळतं ते त्यामुळे.

काम असं: जुनं मेटल वितळवून काढायचं. रॉड उकळत्या सोड्यात धुवायचा, तेलाचा अंश राहिला तर नवं मेटल धरत नाही. तोंडावर फ्लक्स लावून कल्हईसारखा कथिलाचा थर द्यायचा, चकचकीत आणि सलग. एकही काळा डाग चालत नाही. रॉड आणि मधला गोल साचा दोन्ही तापवायचे, कारण थंड साच्यावर मेटल थरांत गोठतं. चांगलं मेटल म्हणजे कथिल ८८-८९ टक्के, बाकी अँटिमनी आणि तांबं. वितळलेल्या मेटलमध्ये लाकडाची काडी बुडवून तापमान बघत. काडी तपकिरी पडली की ओता, पेट घेतला तर जास्त तापलंय. एकाच धारेत ओतायचं, मधे थांबायचं नाही.

थंड झाल्यावर रॉड टांगून हलकेच वाजवायचा. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर मेटल धरलंय, बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे, पुन्हा ओता. मग लेथवर बोअर, आणि शेवटी हाताने स्क्रेपिंग. क्रँकला निळा रंग पुसायचा, रॉड बसवून फिरवायचा, निळे ठिपके लागले तेवढेच खरवडायचे. निळा सगळीकडे सारखा लागेपर्यंत हे चालतं, एका रॉडला अर्धा दिवस सहज जातो. क्लिअरन्स शाफ्टच्या दर इंच व्यासाला एक थाऊ, म्हणजे दोन इंची जर्नलला सुमारे दोन थाऊ. कॅपखाली शिमची चळत ठेवायची. पुढे मेटल झिजलं की दोन्ही बाजूंनी सारखे शिम काढून गॅप परत आणता येतो. शिम न ठेवता कॅप घासून बसवणारा पुढच्या मिस्त्रीची वाट बंद करतो.

सोलेक्स

कार्बोरेटर आणि आजचं पेट्रोल. ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यावर जुन्या गाड्यांच्या तक्रारी वाढल्यात, त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५. जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोकाचं बूच) तेच ठेवलं तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. लक्षणं: थंडीत चोक जास्त लागणं, हलक्या थ्रॉटलवर हुंदके, प्लगचं टोक पांढरं. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२० च्या जागी १२५ लावला तर भोकाचं क्षेत्रफळ साधारण साडेआठ टक्क्यांनी वाढतं, तेवढं पुरतं. आधी एकच पायरी वर जा आणि प्लगचा रंग बघा. जेटमध्ये तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि आकडा खोटा ठरतो. फुंकर किंवा कॉम्प्रेसरची हवा.

खरा धोका रबराला. पंपाचा डायफ्रॅम, पाइप, कॉर्कची पॅकिंग फुगतात किंवा ठिसूळ होतात. इथेनॉलला टिकणारा पाइप मागून घ्या, साधा काळा पाइप नको. दमट हवेत उभ्या गाडीच्या टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं, टाकी आतून गंजते आणि इंजिन पहिल्याच दमात तेच ओढतं. उभी ठेवायची असेल तर टाकी भरलेली ठेवा. दोन-तीन महिन्यांहून जास्त असेल तर कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करा.

पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळलं तर भोक आहे. कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील तिथे खूण करा, पेट्रोल पूर्ण उडून जाऊ द्या, मगच झाळ. उघड्या ज्योतीने नव्हे, कावियाने. झाळ कमीत कमी घ्या. फ्लोट जड झाला की बाऊलमधली पातळी वाढते आणि गाडी पेट्रोल खाते.

आयडलिंग कशानेच बसत नसेल तर जेट सोडून थ्रॉटलचा दांडा हलवून बघा. तो बॉडीत झिजून खेळायला लागतो आणि तिथून हवा ओढली जाते. चालू इंजिनावर दांड्याशी तेलाचा थेंब सोडला आणि आयडलिंग क्षणभर सुधारलं, तर तेच कारण. लेथवाला बॉडी रीम करून पितळी बुश बसवतो.

बिडाचं हेड

सोलेक्स, एक मुद्दा जोडतो, कारण लोक दोन प्रश्न एकत्र करतात. व्हॉल्व्ह सीट बसत जाणं हे ई-२० चं पाप नाही, शिसं गेल्याचं आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळतं. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यात उशी धरायचा. तो गेल्यावर बिडाच्या हेडमध्ये थेट कापलेली सीट झिजते आणि व्हॉल्व्ह वर सरकतो. त्याचं लक्षण उलटं असतं: आवाज वाढत नाही, टॅपेटचा गॅप कमी होत जातो. गाडी शांत झाली म्हणून मालक खूश होतो आणि एक दिवस व्हॉल्व्ह मिटेनासा होऊन जळतो. एक्झॉस्टचा गॅप वहीत लिहून ठेवा. दर वेळी थाऊ-दोन थाऊ कमी होत असेल तर कडक सीट बसवायची वेळ आली. भोक सीटपेक्षा तीन-चार थाऊ लहान ठेवून दाबून बसवतात. हेड तापवून आणि सीट बर्फात गार करून, म्हणजे ठोकाठोकी लागत नाही.

सोलेक्स

मान्य. फियाटच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये सीट मुळातच वेगळ्या बसवलेल्या असतात, म्हणून तिला हा त्रास कमी. सीएनजीवर गेलेल्या टॅक्सींना मात्र झाला, गॅस कोरडा असतो. त्या गाड्यांचं टायमिंगही थोडं पुढे घ्यायचे, कारण गॅस सावकाश जळतो.

आणि ऑक्टेनच्या नावाखाली महाग पेट्रोल घालू नका. ही कमी कॉम्प्रेशनची इंजिनं आहेत, त्यांना त्याचा काही उपयोग नाही.

माझगाव डेंटर

समुद्राची हवा या शहरात इंजिनाआधी पत्रा खाते. फियाट काय, ॲम्बॅसडर काय, वेगळी चॅसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे दाराखालचा सिल गंजला तर ते रंगाचं काम नव्हे. गाडी मधून खचते आणि दारं लागेनाशी होतात.

चांगला डेंटर सिल कापण्याआधी बॉडीखाली चार ठिकाणी आधार द्यायचा, दारांच्या फटी वर-मध्ये-खाली मोजून पत्र्यावरच खडूने लिहायचा, आणि एका वेळी एकच बाजू कापायचा. दार बसवून, लावून बघूनच टाके मारायचे. सगळं वेल्डिंग एका दमात केलं तर पत्रा ओढला जातो. म्हणून इंचभर इथे, इंचभर तिथे. पत्रा कोल्ड रोल्ड, १८ किंवा २० गेजचा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तसाच वेल्ड केला तर धुराने माणूस आजारी पडतो आणि जोडही सच्छिद्र होतो.

ताणला गेलेला पत्रा आकसवायला रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, खाली डॉली (लोखंडी ठोकळा) धरून भोवतीने हलके ठोके, आणि ओल्या फडक्याने विझवायचं. लांबी (पुटी) फक्त शेवटची दोन-तीन मिमीची. जुनी गाडी घेताना पातळ कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जिथे धरत नाही तिथे आत लांबी भरलेली आहे.

दरवाज्यांच्या तळाची पाणी जायची भोकं, फ्लोअरची रबरी बुचं, मागच्या कमानीचे हँगर: पावसाळ्याआधी या तीन जागा उघडून साफ करा. रंगारी नवा रंग मारताना ही भोकं बुजवून टाकतो, ते आवर्जून तपासा.

वरळीकर

प्रश्न: माझ्या माहितीतल्या एका फियाटचं वय ५० च्या पुढे आहे. व्हिंटेज नोंदणी घ्यावी का?

गिरगावकर

२०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी त्यात बसते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, फेरनोंदणी ५,००० रुपये. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. रविवारी मरीन ड्राइव्हला फेरी मारायची असेल तर नेहमीची नोंदणी आणि फिटनेस चालू ठेवणंच बरं. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी बाद होते, त्यामुळे पूर्वी डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्या अडतात.

कटआउट

बॅटरीवाल्याला कुणी हात लावला नाही, म्हणून थोडक्यात. लुकासचा डायनमो चार्ज करत नसेल तर दोष आधी डायनमोचा की कटआउटचा (चार्जिंग जोडणारा-तोडणारा डबा) ते ठरवायचं. डायनमोवरच्या दोन्ही वायरी काढून डी आणि एफ टर्मिनल तारेने जोडायचे, मीटरचं एक टोक त्यावर, दुसरं बॉडीला. इंजिन आयडलिंगवरून हळूहळू वाढवायचं. व्होल्ट सरसर चढले तर डायनमो ठीक, दोष कटआउटमध्ये. २० व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणून रेस करू नका. नवा किंवा दुरुस्त डायनमो लावल्यावर एफची वायर काढून ते टर्मिनल बॅटरीच्या जिवंत टोकाला क्षणभर टेकवायचं, म्हणजे पोल बरोबर बसतात. गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय, ते आधी बघा. ब्रिटिश गाड्यांत दोन्ही सापडतात.

दिवे मंद असतील तर बल्ब बदलण्याआधी अर्थ बघा. दिव्याच्या घराचा स्क्रू, इंजिन आणि बॉडीमधली पट्टी, बॅटरीची जाड केबल, तिन्ही काढून चकचकीत घासा. इथल्या हवेत तांब्यावर हिरवट थर बसतोच. पावसाळ्यात सकाळी स्टार्ट होत नसेल तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आत बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर टोपीला तडा आहे, पुसून उपयोग नाही, बदला. नुसता ओलावा असेल तर कोरडं फडकं पुरतं.

स्टेपनी

फियाटच्या स्टेअरिंगवरच्या गिअरबद्दल कुणी सांगेल का? दोन गिअरमध्ये अडकतो.

किंगपिन

गिअरबॉक्स उघडू नका. दांडीपासून बॉक्सपर्यंत तीन-चार सांधे आहेत. प्रत्येकात अर्धा मिमी खेळ धरला तरी बॉक्सपाशी दीड-दोन मिमी होतो, आणि निवडलेला गिअर पूर्ण सुटायच्या आत दुसरा पकडला जातो. बॉनेट उघडून एकाला दांडी हलवायला सांगा आणि बोट एकेका सांध्यावर ठेवा, खेळ बोटाला कळतो. बुश पितळेची किंवा नायलॉनची लेथवर करून मिळतात, पिनही झिजलेली असते, तिचं माप घेऊनच बुश करायची. सगळ्या एकदम बदला. नंतर दांडी न्यूट्रलला ठेवून लिंकची लांबी अशी लावा की पिन जोर न लावता भोकात पडेल. रस्त्यात अडकलीच तर क्लच दाबून गाडी थांबवा, बॉनेट उघडा आणि बॉक्सवरचा लिव्हर हाताने न्यूट्रलला आणा. पण बॉनेट उघडण्याआधी इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून.